रेझीनमध्ये पूड कोणती आणि का? होडीच्या दुरुस्तीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात फायबरच्या होडीला पडलेली भेग बुजवण्याविषयी एक छोटे टिपण दिले होते. त्यात 'रेझीन (म्हणजे घट्ट होणारा चिकट द्रव) पुडीने घट्ट करून भरावे' असे एकच वाक्य होते आणि नेमके त्याच वाक्यावर ठाण्याहून व नवी मुंबईहून बरीच पत्रे आली. ते वाक्य अपुरे होते, हे पत्रे वाचताना माझ्या लक्षात आले. घट्टपणा कोणत्याही पुडीने येतो; पण जोड पुढे कसा वागणार हे पुडीवर ठरते, आणि ते सांगायचे राहून गेले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमची अठरा फुटी फायबरची होडी आहे. बसायची आडवी फळी कडेला जिथे होडीच्या अंगाला जोडलेली आहे, तिथे हलू लागली होती. पॉलिएस्टर रेझीनमध्ये शंखजिऱ्याची पूड कालवून लांबी (भरायचा लगदा) केली आणि जोड भरला. एका पावसाळ्यात तो खपलीसारखा सुटून आला. दुकानदार म्हणतात एरोसिल घाला, ओळखीचे कारागीर म्हणतात लाकडाचा भुसा घाला. दोष रेझीनचा होता की पुडीचा, आणि आता कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, दिवाळे गाव, बेलापूर

उत्तर : सुटलेली खपली आपण फेकून दिली नसेल, तर ती उलटी करून उजेडात पाहावी, अशी माझी पहिली विनंती आहे. तिची मागची बाजू गुळगुळीत असेल आणि होडीच्या जुन्या पृष्ठभागाचा ठसा तिच्यावर जसाच्या तसा उमटलेला असेल, तर जोडाने धरलेच नव्हते. तेथे पुडीला बोल लावण्यात अर्थ नाही, पृष्ठभागाची तयारी कमी पडली होती. खपलीवर आणि होडीवर अशी दोन्हीकडे पांढरी भुकटी राहिली असेल, तर जोड मधूनच फाटला आहे आणि मिश्रणच दुबळे होते. खपलीबरोबर जुन्या मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या चटईचे, तंतू उपटून आले असतील, तर मात्र आपल्या लांबीने आपले काम चोख केले आहे. खालचे फायबरच पाण्याने सैल झाले आहे आणि घट्ट थर लागेपर्यंत ते घासून काढल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आपल्या वर्णनावरून मला पहिल्या दोन्ही गोष्टी एकत्र घडल्याची शंका येते.

शंखजिऱ्याचे कण चपटे आणि गुळगुळीत असतात. म्हणून ते घातलेली लांबी हाताखाली लोण्यासारखी फिरते, सुकल्यावर पॉलिश पेपरने सहज घासली जाते, आणि मोटारीच्या पत्र्यावरचे पोचे भरण्यासाठी तीच वापरतात. हेच गुण जोडात अवगुण ठरतात, कारण चपटे निसरडे कण ताण एकमेकांकडे पोचवत नाहीत आणि अशी लांबी ओल धरते. बसायच्या फळीवर माणूस बसतो, जाळ्याचा भार येतो, लाटेगणिक होडीचे अंग थोडे थोडे वाकते. अशा जागी मोटारीची लांबी टिकणार नाही, पाण्याच्या रेषेखाली तर मुळीच नाही.

आता एरोसिलविषयी. हे खरे तर एका कंपनीच्या मालाचे नाव आहे, पण आपल्याकडच्या दुकानांत त्या जातीच्या प्रत्येक पुडीला तेच म्हणतात. ही अतिसूक्ष्म सिलिका आहे, ज्योतीत तयार होते, आणि इतकी हलकी असते की पाच ग्रॅममध्ये शंभर मिलिलिटरचे माप भरते. तिच्या नेहमीच्या प्रकारात एका ग्रॅम पुडीच्या कणांचे एकूण पृष्ठफळ सुमारे २०० चौरस मीटर असते. हे कण रेझीनमध्ये एकमेकांना हलके धरून जाळे बांधतात. ढवळले की जाळे मोडून मिश्रण सैल होते, आणि हात थांबला की पुन्हा बांधले जाऊन मिश्रण जागच्या जागी उभे राहते. उभ्या अंगावर लावलेली लांबी ओघळत नाही ती यामुळे, आणि त्यासाठी पॉलिएस्टरमध्ये वजनाने दोन ते चार टक्के एरोसिल बहुधा पुरते. ते जोड कठीण करते. मात्र नुसत्या एरोसिलने घट्ट केलेले रेझीन जाड थरात भरले तर ते काचेसारखे ठिसूळ होते, कारण त्यात भेगेला वाटेत अडवणारे काही नसते.

ते अडवण्याचे काम तंतू करतात. कापसाचे बारीक तंतू किंवा काचतंतूंची भरड पूड, जिला बाजारात मिल्ड फायबर म्हणतात, ही जोडात आडवीतिडवी पसरते आणि भेग पुढे सरकू लागली की तिला पकडून ठेवते. आपल्या फळीच्या जोडासाठी मी मिल्ड फायबर मुख्य धरीन आणि ओघळ थांबेल एवढेच एरोसिल वरून घालीन. आपल्या कारागिरांचा भुशाचा सल्लाही चुकीचा नाही, पण तो लाकडाला लाकूड जोडताना आणि इपॉक्सी या दुसऱ्या जातीच्या रेझीनबरोबर अधिक शोभतो. दुकानदार आणि कारागीर दोघेही आपापल्या कामापुरते खरे बोलत आहेत.

पूड बदलली तरी तयारी तीच राहिली तर जोड पुन्हा सुटेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. खाडीतून वर घेतलेल्या होडीवर मीठ असते, आणि मीठ हवेतली ओल ओढत राहते. आधी गोड्या पाण्याने भरपूर धुवावे आणि पूर्ण वाळू द्यावे. वाळले की नाही हे पाहायला संध्याकाळी त्या जागेवर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून ठेवावा. सकाळी उन्हे आल्यावर कागदाच्या आतून दव दिसले तर आणखी थांबावे. त्यानंतर तेल आणि मेण ॲसिटोनच्या स्वच्छ फडक्याने पुसावे, आणि मगच घासावे. पुष्कळ लोक आधी घासतात व नंतर पुसतात. त्यामुळे पृष्ठभागावरचे मेण घासताना ओरखड्यांत खोलवर दाबले जाते. रंग आणि जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर, पूर्ण काढून खालचे तंतू दिसेपर्यंत जावे. मग त्या जागेवर पूड न घातलेल्या रेझीनचा पातळ हात द्यावा आणि तो चिकट असतानाच घट्ट मिश्रण भरावे. घट्ट मिश्रण आपण होऊन बारीक छिद्रांत उतरत नाही. पातळ हात उतरतो, आणि घट्ट मिश्रण त्याला धरते. बहुतेक सुटलेल्या जोडांत हाच एक हात वाचवलेला असतो.

पॉलिएस्टरची लांबी करताना पूड आधी कालवावी आणि कॅटॅलिस्ट, म्हणजे रेझीन घट्ट करणारा द्रव, शेवटी घालावा, म्हणजे कालवताना वेळ हातचा जात नाही. कॅटॅलिस्टचे प्रमाण, जे साधारण एक ते दोन टक्के असते, ते रेझीनच्या वजनावर काढावे. पुडीसकट वजन धरले तर तो जास्त पडतो. कोबाल्ट, म्हणजे ही क्रिया वेगाने करणारा द्रव, वेगळे घालावे लागत असेल, तर ते रेझीनमध्ये पूर्ण मिसळल्यानंतरच कॅटॅलिस्टची बाटली उघडावी. हे दोन द्रव एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत. ते भडकून पेट घेऊ शकतात. शेवटी, भरलेल्या कोपऱ्याला गोलाई देऊन त्यावर मॅटच्या दोन-तीन पट्ट्या, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा थोडी रुंद, अशा बसवाव्यात. फळीचा खरा भार या पट्ट्या उचलतात. खालची लांबी त्यांना सुरेख वळण देते आणि आत पोकळी राहू देत नाही.

प्रश्न : वडिलांच्या वेळची लाकडी होडी आहे. काही वर्षांपूर्वी वरून फायबर चढवून घेतले होते, ते आता कडांना उचलले जात आहे आणि आत लाकूड मऊ लागते. इपॉक्सी महाग आहे, पण तेच वापरावे असे ऐकतो. मे महिन्यात अर्धा किलो इपॉक्सी मायक्रोबलून घालून डब्यात कालवले, तर दहा-पंधरा मिनिटांत डब्यातून धूर आला आणि सगळे वाया गेले. फळ्यांच्या सांध्यांतही हेच भरायचा विचार आहे. कृपया मार्गदर्शन करावे.
– एक वाचक, कोलशेत, ठाणे

उत्तर : आपले नुकसान मला समजते, कारण अनेक वर्षांपूर्वी याच खाडीकाठी माझ्या हातूनही एक पूर्ण डबा असाच गेला आहे आणि त्या दिवशीचे कामही गेले. इपॉक्सी घट्ट होताना उष्णता सोडते. डब्यात ती उष्णता बाहेर पडायला जागा नसते, उष्णतेने क्रिया आणखी वेगाने होते, आणि पुन्हा उष्णता वाढते. तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे २५ अंशांना अर्धा तास मिळणारे मिश्रण ३५ अंशांना पंधरा मिनिटांच्या आसपास जाते. मायक्रोबलून म्हणजे हवा कोंडलेले पोकळ सूक्ष्म गोळे, त्यामुळे ते उष्णता आतच धरून ठेवतात. यावर उपाय असा की पहाटे काम करावे, एका वेळी शंभर-दीडशे ग्रॅमच कालवावे, आणि कालवून झाले की लगेच पसरट ताटात किंवा पत्र्यावर पातळ पसरून तेथून उचलत जावे. डबा तापू लागला तर तो उघड्यावर नेऊन ठेवावा व धुरात तोंड घालू नये. हार्डनर, म्हणजे इपॉक्सीला घट्ट करणारा दुसरा घटक, कमी करून वेळ वाढवण्याचा मोह मात्र टाळावा. पॉलिएस्टरमध्ये कॅटॅलिस्ट थोडा कमीजास्त चालतो. इपॉक्सीत हार्डनर हा रेझीनच्या बरोबरीने जोडात बसणारा भाग आहे, आणि प्रमाण चुकले की जोड कायमचा मऊ किंवा ठिसूळ राहतो. डब्यावर १०० ला १० लिहिले असेल तर काट्यावर तेवढेच मोजावे, आणि पूड घालण्याआधी दोन्ही घटक दोन मिनिटे, डब्याच्या कडा खरवडत, एकजीव करावेत. पुडीनंतर न मिसळलेले पट्टे डोळ्यांना दिसत नाहीत.

फायबर उचलले जाण्याचे कारण बहुधा ते पॉलिएस्टरने चढवलेले असणे हे आहे. पॉलिएस्टर घट्ट होताना आकारमानाने साधारण पाच ते आठ टक्के आकसते आणि लाकडाला त्याची पकड मुळात बेताची असते. सागासारख्या तेलकट लाकडाला तर फारच कमी. कडेतून पाणी आत शिरते, बाहेर यायला वाट नसते, आणि लाकूड आतून कुजते. इपॉक्सी फार कमी आकसते व लाकडाला घट्ट धरते, म्हणून येथे महाग असूनही तीच वापरावी. पुढे कधी वरून पॉलिएस्टर लावायचा विचार मात्र करू नये, कारण सुकलेल्या इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. जुन्या, घासलेल्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी चांगली धरते.

फळ्यांच्या सांध्यांबाबत मात्र मला आपल्याला थांबवावेसे वाटते. फळ्या शेजारी शेजारी बसवून बांधलेली होडी पाण्यात फुगते आणि काठावर आकसते. जुने कारागीर सांध्यात कापूस ठोकून वर राळ आणि तेलाचे मिश्रण भरत, ते याच हालचालीला जागा ठेवण्यासाठी. त्या जागी इपॉक्सीचा दगड भरला तर पुढच्या भरतीला फुगलेली फळी एकतर त्याला फोडते किंवा शेजारच्या फळीला ढकलून खिळे सैल करते. सांधे जुन्या पद्धतीनेच भरावेत. इपॉक्सी आणि पूड कुजून गेलेल्या खळग्यात, वाढलेल्या बोल्टच्या छिद्रात आणि चिरलेल्या वाकांत (होडीच्या आतल्या बरगड्यांत) वापरावी. कुजलेले सगळे पटाशीने कोरून, टणक लाकूड लागेपर्यंत जावे. पातळ इपॉक्सीचा हात देऊन लाकडाला पिऊ द्यावे, कारण तो न दिला तर कोरडे लाकूड घट्ट मिश्रणातलेच रेझीन शोषते आणि जोडात नुसती पूड शिल्लक राहते. मग त्याच लाकडाचा कोरडा, चाळलेला भुसा आणि थोडे एरोसिल घालून भरावे. भुसा उन्हात चांगला वाळवलेला असावा. बोल्टचे छिद्र मोठे झाले असेल तर ते मिल्ड फायबर घातलेल्या मिश्रणाने पूर्ण भरावे, सुकल्यावर मापाने नव्याने पाडावे, म्हणजे बोल्ट लाकडाला लागत नाही आणि पाणी आत जायला वाट उरत नाही. दाबपट्ट्या लावताना मिश्रण कडेने जरा बाहेर येईल एवढाच दाब द्यावा. सुताराच्या सरसासारखे घट्ट आवळले तर सगळे रेझीन पिळून निघते.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. सहा मिलिमीटरच्या मरीन प्लायची लहान होडी तारेने टाके घालून बांधत आहे. आतल्या कोपऱ्यांत इपॉक्सी आणि मायक्रोबलूनचे मिश्रण भरले तर ते खाली वाहते, आणि वाहू नये म्हणून पूड वाढवली तर सुकल्यावर नखाने कोरले जाते. प्रमाण किती ठेवू? वरून चॉप मॅट लावू का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : प्रमाणापेक्षा पुडीची निवड चुकली आहे. मायक्रोबलून हे सपाटीकरणाचे साहित्य आहे: बाहेरून होडीच्या अंगावरचे उंचसखल भरून वरून घासून एकसारखे करायचे असेल तेव्हा ते हलके आणि घासायला सोपे म्हणून उत्तम. नखाने कोरले जाणे हा तेथे गुण आहे. कोपऱ्यात मात्र दोन फळ्या एकमेकींना धरून ठेवायच्या आहेत, म्हणून तेथे बारीक भुसा किंवा कापसाचे तंतू, आणि ओघळ थांबवायला एरोसिल. आधी भुसा घालून मिश्रण श्रीखंडासारखे करा, मग एरोसिल चमचा चमचा घालत चक्क्यापर्यंत न्या. काडीवर उचलून उलटे धरले तरी पडू नये आणि टोक वाकू नये, ही खूण पुरेशी आहे. हवा व पुडीतील ओल रोज बदलत असल्याने ग्रॅममधल्या आकड्यापेक्षा ही खूण मला अधिक भरवशाची वाटते. ढवळताना फेटू नका. हवेचे बुडबुडे अडकले की तेवढ्या जागा पोकळ राहतात.

तारेच्या टाक्यांमधल्या जागेत आधी थोडे थोडे मिश्रण लावून सुकू द्या, तारा काढा, आणि मग कोपऱ्याची संपूर्ण गोलाई एका ओढीत घ्या. गोलाईची त्रिज्या मी प्लायच्या जाडीच्या दोन ते तीन पट ठेवतो, म्हणजे आपल्याला १२ ते १८ मिलिमीटर. कडक प्लास्टिकचा तुकडा त्या मापाने गोल कापला की हातात चांगले हत्यार येते. गोलाई अजून ओली असतानाच तिच्यावर काचकापडाची पट्टी बसवून वरून पातळ इपॉक्सी पाजली तर मध्ये घासण्याचे सगळे कष्ट वाचतात.

चॉप मॅट लावू नका. तिचे तुटक तंतू ज्या चिकट पदार्थाने एकत्र धरलेले असतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसते, त्यामुळे मॅट कडक राहते, कोपऱ्यात वळत नाही आणि आत कोरडे पट्टे सुटतात. विणलेले कापड घ्या.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण ऐरोलीच्या पावसाळी हवेत ती नक्की आडवी येईल. दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो ॲसिटोनने फक्त पसरतो. स्वच्छ पाण्याने आणि खरखरीत चोथ्याने तो धुऊन जातो. आधी धुवा, वाळवा, मग घासा आणि पुढचा हात द्या.

प्रश्न : एरोसिलऐवजी व्हाइट सिमेंट चालेल का? स्वस्त आहे आणि घट्टही होते.
– एक वाचक, विटावा

उत्तर : सिमेंट पाण्याशी मिळून घट्ट होते. रेझीनमध्ये ते तसे होत नाही, तेथे ती फक्त एक जड पूड असते. मिश्रणाचे वजन वाढते, सिमेंट डब्याच्या तळाशी बसते, उभ्या भिंतीवर ओघळते आणि भेगेलाही अडवत नाही. नांगराच्या साच्याचे वजन वाढवायचे असेल तर भले वापरा; जोडात नको.

प्रश्न : आमच्या शेजारी खाडीच्या काठावर होड्या ग्राइंडरने घासतात. पांढरी धूळ घरापर्यंत येते. ही पूड विषारी आहे का? आणि घासणाऱ्या मुलांनी काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, वाशी गाव

उत्तर : एरोसिलमधली सिलिका स्फटिकरूप नसते, त्यामुळे दगडफोडीच्या वाळूने फुफ्फुसांचा जो असाध्य आजार होतो तो तिच्याने होतो असे मानले जात नाही. तरीही ती इतकी बारीक असते की नाक, घसा आणि फुफ्फुसे कोरडी पाडते, आणि डबा उघडताच हवेत तरंगते. पूड कालवताना पंखा बंद ठेवावा, चमचा मिश्रणाच्या अगदी जवळ नेऊन रिकामा करावा आणि तोंडावर धुळीचा चांगला मास्क असावा. ओढणी किंवा रुमाल पुरत नाही. काचतंतू घासल्याची धूळ त्वचेत टोचते, म्हणून लांब बाह्या आणि चष्मा हवा. घासण्याची घाई हा सर्वांत मोठा धोका आहे, कारण पूर्ण न सुकलेली इपॉक्सी घासली की अर्धवट हार्डनर धुळीबरोबर अंगावर बसतो आणि काहींना त्याची कायमची ॲलर्जी होते. एकदा ती झाली की त्या माणसाला हे काम सोडावे लागते. असे हात मी पाहिले आहेत. हातमोजे घालावेत आणि हातावर लागलेले रेझीन ॲसिटोनने पुसू नये, साबणाने धुवावे. पॉलिएस्टरच्या वासासाठी वेगळा, कोळशाच्या डब्यांचा मास्क लागतो. धुळीचा मास्क तो वास थांबवत नाही.

शेजाऱ्यांशी बोलताना एवढे सुचवावे की कागद ओला करून घासता येईल तेथे ओला घासावा, आणि होडीखाली मोठी ताडपत्री अंथरावी, म्हणजे संध्याकाळी धूळ गोळा करून पोत्यात भरता येते. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. फ्लेमिंगो चिखल चाळून खातात, आणि कोळी बांधवांची मासळी व कोळंबीही त्याच चिखलावर पोसते. काठावर सांडलेली रेझीनची धूळ भरतीबरोबर तेथेच जाते. डब्यात उरलेले रेझीन खाडीत ओतू नये. त्यात हार्डनर घालून ते घट्ट होऊ द्यावे, आणि थंड झालेला गोळा कचऱ्यात द्यावा.